शंभराला पाच

दहिवली, १४ ऑक्टोबर १८६७

सरकारला हबसाणच्या राजाशी लढायचे आहे आणि त्यासाठी माझे गवत हवे आहे.

हबसाण कुठे आहे हे कर्जतच्या सरकारी वखारीत कोणालाच नीट सांगता आले नाही. समुद्रापलीकडे, एवढे नक्की. तिथे मुंबईहून घोडे जाणार आणि घोड्यांबरोबर त्यांचे जेवण. तिथे गवत उगवत नाही का, असे मी वखारीचे कारकून विसाजीपंत यांना विचारले. ते म्हणाले, "भिवाजीशेट, तिथे गवत उगवते की नाही ही चौकशी करायला वर्ष लागेल. ठेका द्यायला एक सकाळ पुरते."

माणूस विनोदी आहे.

करार इंग्रजीत. एकतीस कलमे. मी ठाण्याला तीन वर्षे इंग्रजी शिकलो आहे, त्यामुळे तिथेच बसून वाचला. विसाजीपंत म्हणाले, ह्या तालुक्यात स्वतः करार वाचणारा ठेकेदार त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. बाकीचे अंगठा उमटवतात आणि शाई कुठे पुसू म्हणून विचारतात. मी सही केली. सहीखाली रेघही ओढली.

जानेवारी संपायच्या आत चार हजार दाबलेल्या गाठी. जामीन म्हणून माथेरानच्या पायथ्याचे कुरण लिहून दिले. कुरण गेले तर माझ्याकडे विकायला फक्त इंग्रजी उरेल. पण ते जाईल कशाला? गवत आहे, माणसे आहेत, घोडे उपाशी आहेत.

घरी सोनाबाईने विचारले, "वाचलंत ना समदं?"

"वाचलं."

"कळलं?"

बायकोला शाळेत घातले नव्हते ते एका परीने बरे झाले.

१६ ऑक्टोबर

करार पुन्हा वाचला. सतरावे कलम आवडले. मापाविषयी वाद निघाल्यास त्या तालुक्याची वहिवाट प्रमाण मानावी, असे लिहिले आहे. राणीचे सरकार आमची वहिवाट मानते. आमचे तलाठी मानत नाहीत.

२२ ऑक्टोबर

कापणी सुरू. डोंगरातल्या ठाकरांची चाळीस माणसे, त्यांची मुकादम ठमी. ती मोजताना "एक" म्हणत नाही. "लाभ" म्हणते, मग दोन, तीन. शंभर झाले की थांबत नाही. आणखी पाच गाठी टाकते आणि मग हात झटकते.

हा वरताळा. आमच्याकडे काहीही शेकड्याने विकले की पाच वर द्यायचे. आंबे असोत, कौले असोत, पेंढ्या असोत. माझ्या वडिलांनी दिले, त्यांच्या वडिलांनी दिले. न देणाऱ्याच्या दारात गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही आणि पाहुणे पहिल्यांदाही नाहीत.

करारात फक्त शंभर आहेत. ठमीला विचारले, सरकारलाही पाच द्यायचे का?

"सरकार काय आभाळातनं पडलं?" ती म्हणाली. "गिऱ्हाईकच ना रं?"

२८ ऑक्टोबर

पहिले शंभर वखारीत पोचवले. गाड्या झाकीरच्या. तो आणि मी लहानपणापासून एका नदीत डुंबलो, आता तो बैल हाकतो आणि मी त्याला. वखारीच्या दारावर पोशा नावाचा राखणदार. त्याला अक्षर येत नाही, म्हणून तो दाराच्या मातीच्या भिंतीवर चुन्याने शंभराला एक रेघ ओढतो. आज रेघ ओढून झाल्यावर त्याने पुढे पाच ठिपके दिले. अडाणी, पण चोख.

विसाजीपंतांनी पाच गाठी बाजूला पाहून विचारले, "हे कशाचे?"

मी वरताळा समजावून सांगितला. ते त्या पाच गाठींकडे बराच वेळ बघत राहिले. एखाद्याला जुनी चालरीत इतकी भिडावी, हे मी पहिल्यांदाच पाहिले.

"शिरस्ता मोडू नये," ते म्हणाले. "पण पावती शंभराचीच मिळेल हो. छापील कागदात वरच्या पाचांना रकाना नाही."

सरकारकडे मेलेल्या हत्तीचाही रकाना आहे म्हणतात. असो.

१८ नोव्हेंबर

अकराशे झाले. झाकीरने आज एक गंमत सांगितली.

"भिवाजीशेट, काल वखारीच्या मागल्या दारानं गाठी भरल्या नि कल्याणला टाकल्या. गाठी तुमच्या व्हत्या."

"कशावरून?"

"दोरावरून. तीन पेडी दोर तुमच्याबिगर कोन बांधतो इथं?"

मी त्याला समजावले. मी तीन पेडी दोर बांधू लागलो, सरकारने माझा माल घेतला, आता इतरही तसाच दोर बांधणार. माणूस वर आला की त्याची नक्कल होते. झाकीर काही वेळ बैलाच्या कानामागे खाजवत राहिला. मग म्हणाला, "बरं. नक्कल तर नक्कल."

त्याला व्यापार कधी कळला नाही.

२ डिसेंबर

विसाजीपंतांचे मेहुणे आबाजी कल्याणहून आले होते. ओळख करून दिली. तेही हल्ली गवतात आहेत, मुंबईच्या तबेल्यांना पुरवतात. कुरण कुठे आहे, असे मी आस्थेने विचारले. "सध्या शोधात आहे," ते म्हणाले. कुरण नसताना गवत विकणारा माणूस मी प्रथमच पाहिला. हुशारी एकेकाची. मी त्यांना माझे कुरण दाखवायला नेले. चारी बाजूंनी फिरून पाहिले. ओढ्याला पाणी कुठपर्यंत टिकते हेसुद्धा विचारले. फार चौकस गृहस्थ.

२८ जानेवारी १८६८

चार हजार पुरे झाले. मुदतीच्या तीन दिवस आधी. चाळीस पावत्या माझ्याजवळ आहेत, प्रत्येक शंभराची, विसाजीपंतांच्या वळणदार सहीची. कापणाऱ्यांना गूळ वाटला. ठमीने गूळही मोजून घेतला.

३१ जानेवारी

गोंधळ.

मुंबईहून तपासणीस साहेब आला. तरुण आहे, नाकाची साल निघालेली. वखारीचे दफ्तर पाहिले, ते बरोबर. बाहेर पडताना त्याची नजर भिंतीवर गेली. पोशाला विचारले, हे काय?

"शंभर," पोशा म्हणाला. मग ठिपक्यांवर बोट ठेवून, "आन् हे पाच."

साहेबाने उभ्या उभ्या गुणाकार केला. आत आले बेचाळीसशे, दफ्तरी चार हजार. दोनशे गाठी कुठे गेल्या?

साहेबाने स्वतःच उत्तर काढले: ठेकेदाराने कारकुनाला दिल्या. सरकारी नोकराला लाच. कलमही सांगितले. लाचेचे कलम साहेबाला तोंडपाठ होते, वरताळ्याचे नव्हते.

म्हणजे जास्त माल दिल्याबद्दल मी तुरुंगात जाणार. कमी दिला असता तर नुसती नोटीस आली असती.

३ फेब्रुवारी

आज विसाजीपंत आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. बिचारे चार दिवसांत वाळले आहेत. त्यांनी एक कागद तयार करून आणला होता. त्यात लिहिले होते की जादा दोनशे गाठी मी सरकारी घोड्यांस खुशीने भेट दिल्या.

"कारकुनास नव्हे, घोड्यांस," ते म्हणाले. "एका शब्दात तुम्ही सुटलात."

मी कागद नीट वाचला. इंग्रजीत एक चूक होती, ती दुरुस्त केली. विसाजीपंतांनी कपाळाला हात लावला, "तुमच्यापुढे आम्ही काय लिहिणार!" मी सही केली. खोटे काहीच नाही. खुशीनेच दिल्या होत्या.

ते गेल्यावर सोनाबाई म्हणाली, "अवो, तुमी घोड्यांना कवा भेटलात?"

"ही कायद्याची भाषा असते."

"मंग खाल्ल्या का त्यांनी?"

"कोणी?"

"घोड्यांनी."

ह्या बाईला प्रश्न विचारायची सवय आहे आणि वेळ कळत नाही.

१२ फेब्रुवारी, खालापूर

मॅजिस्ट्रेट साहेबांचा मुक्काम इथल्या आमराईत. तंबूत कोर्ट. बाहेर साहेबाचा घोडा बांधलेला, त्याच्यापुढे गवत. माझे नव्हते.

आधी विसाजीपंतांची साक्ष. जादा गाठींचे काय झाले?

"घोड्यांनी खाल्ल्या, हुजूर."

मग ठमीला उभे केले. ती साहेबाकडे न बघता तंबूच्या खांबाकडे बघत होती. शिरस्तेदार प्रश्न विचारत होते.

"वरचे पाच तू कोणाला देतेस?"

"कुनाला नाय."

"मग कशाला ठेवतेस?"

"ते शंभराचेच असतात."

"शंभर म्हणजे किती?"

"येकशे पाच."

शिरस्तेदारांनी हे इंग्रजीत सांगितले. साहेब हसला. सगळे हसले. ठमी हसली नाही. ती म्हणाली, "हसता काय? तुमच्यात किती असतात?"

हे शिरस्तेदारांनी सांगितले नाही.

साहेबाने विचारले, आणखी कोणाला काही सांगायचे आहे? मागे झाकीर उभा राहिला. "मला हाय," म्हणाला. "मागल्या दाराचं." विसाजीपंतांनी माझ्याकडे पाहिले आणि बारीक मान हलवली. मलाही पटले. जिंकत आलेल्या दाव्यात गाडीवानाला कशाला तोंड घालू द्यायचे? मीच मागे वळून झाकीरला म्हटले, "बस रं खाली."

तो बसला.

निकाल लगेच झाला. घोडा हा सरकारी नोकर नव्हे. त्यास दिलेली वैरण लाच होत नाही. शिवाय ह्या तालुक्यात शंभर म्हणजे एकशे पाच, ही वहिवाट साक्षीपुराव्याने शाबीत झाली आहे. सबब आरोपी निर्दोष.

शाबीत झाली! माझ्या बापजाद्यांची चाल आता राणीच्या दफ्तरात आहे. मी निकालाची नक्कल करून घेतली. विसाजीपंतांनीही एक मागितली. "वखारीच्या दफ्तरी असू द्या. अशी रत्ने रोज सापडत नाहीत." मी माझीच त्यांना दिली आणि माझ्यासाठी दुसरी काढली.

परत येताना झाकीर बोलला नाही. बैलांशीसुद्धा नाही.

२० फेब्रुवारी

वखारीवरून गेलो. दाराच्या भिंतीला नवा चुना दिला आहे. कोणी मोठे साहेब येणार म्हणे. फार स्वच्छ दिसते. पोशा दिसला नाही. त्याला विसाजीपंतांनी रजा दिली आहे, म्हातारा थकला होता. कोण कारकून राखणदाराचा इतका विचार करतो?

९ मार्च

मुंबईहून सरकारी वकिलाची नोटीस. चार वेळा वाचली. इंग्रजी सोपे आहे. म्हणून चार वेळा वाचावी लागली.

अ. निकालाप्रमाणे कर्जत तालुक्यात शंभर म्हणजे एकशे पाच.

ब. कराराच्या सतराव्या कलमाप्रमाणे तालुक्याची वहिवाट प्रमाण. म्हणून करारातल्या चार हजार गाठी म्हणजे बेचाळीसशे.

क. ठेकेदाराच्या स्वतःच्या पावत्या चार हजारांच्या आहेत.

ड. आणखी दोनशे आत आल्या हे खरे, पण त्या घोड्यांस भेट होत्या असे ठेकेदारानेच लिहून दिले आहे. भेट ही भरण्यात धरता येत नाही.

सबब भरणा दोनशेने कमी. मुदत संपली. चोविसाव्या कलमाप्रमाणे जामीन जप्त.

कुरण.

सोनाबाईला सांगितले. तिने विचारले, "म्हंजे जास्ती दिलं म्हणून धरलं नि कमी दिलं म्हणून घेतलं?"

"तसं नाही. दोन वेगळी कलमं आहेत."

"गवत येकच व्हतं ना?"

१४ मार्च, ठाणे

वकिलाकडे गेलो. म्हातारे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी सगळे कागद क्रमाने लावले आणि वाचताना दोनदा "वा!" म्हणाले. मला आशा वाटली. नंतर कळले, ते नोटिशीला म्हणत होते.

"निकालावर अपील करू," मी म्हटले.

"निकाल तुमच्या बाजूचा आहे."

"हो."

"जिंकलेल्या माणसाला अपील नसते."

"मग सांगू की शंभर म्हणजे शंभरच."

"मग ते पाच लाच होतात. तुरुंग की कुरण, एवढेच बघायचे आहे." त्यांनी घोड्यांचा कागद उजेडात धरला. "हा कोणी लिहिला?"

"वखारीच्या कारकुनांनी. एक चूक होती, ती मी सुधारली."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "सुधारली," ते म्हणाले. "छान."

मी भिंतीवरच्या रेघांचे सांगितले. त्यांनी विचारले, भिंत आहे का? मी म्हटले, आहे. पण नवा चुना दिला आहे. त्यांनी कागद परत घडी घालून दिले.

१७ मार्च

पोशाच्या वाडीवर गेलो. तो दारात टोपली विणत बसला होता.

"रेघा आठवतात ना?"

"आठवतात. चाळीस. आन् ठिपके."

"कोर्टात सांगशील?"

"सांगन की. पन भिंत बोलली तवा सायबानं ऐकलं. माजं कोन ऐकल?" मग म्हणाला, "रेगा चुन्याच्या व्हत्या, शेट. वर चुनाच लावला. कोनी कोनाचं काय चोरलं नाय."

तिथून झाकीरकडे. तो मागल्या दाराचे आता सांगायला तयार आहे का, विचारले.

"तवा मी उभा व्हतो," तो म्हणाला.

त्याची बायको हमिदा आतून पाणी घेऊन आली. पाणी प्यालो.

११ एप्रिल

कुरणाचा लिलाव झाला. बोली लावायला तिघे. दोघे पहिल्या आकड्यालाच थांबले, जणू त्यांना तेवढ्यासाठीच बोलावले होते. तिसरे आबाजी, विसाजीपंतांचे मेहुणे. त्यांना कुरण सापडले याचा मला आनंद व्हायला हवा. बिचारे डिसेंबरपासून शोधात होते.

त्यांच्या गाडीत बसायला दोन गाठी टाकल्या होत्या. दोर तीन पेडी. गाठ मारायची माझी एक पद्धत आहे, शेवटचे टोक आत खुपसायची. तेही टोक आत खुपसलेले होते.

नक्कल फारच हुबेहूब केली आहे.

विसाजीपंतांनी मला बाजूला घेतले. डोळ्यांत पाणी होते. म्हणाले, मेहुण्याला सांगून ठेवले आहे, कुरणावर देखरेखीला तुम्हीच. "तुमच्याइतके ते गवत कोणाला कळते?"

होय म्हणालो.

२ मे

हबसाणची लढाई संपली, असे वर्तमानपत्रात आहे. राजा मेला. त्यात माझ्या गवताचा वाटा किती, ते कळायला मार्ग नाही. निम्मे घोडे अजून मुंबईतच आहेत म्हणतात.

कुरणावर आबाजींनी पाटी लावली आहे. ठमीला वाचून दाखवली: इथे शंभर म्हणजे शंभर.

ती म्हणाली, "मंग तुमी इथं काय करता?"

१० मे

पहिले आंबे उतरले. परसातले झाड, कुरणाबरोबर लिहून दिलेले नव्हते. विसाजीपंतांना करंडी पाठवायचे ठरवले. माणसाने वाईट दिवसांत जवळ आलेल्याला विसरू नये. तुरुंगातून त्यांनीच वाचवले.

ठमीला मोजायला बसवले. लाभ, दोन, तीन. शंभर झाले. तिने सवयीने पाच वर ठेवले आणि हात झटकले.

सोनाबाई उठली. तिने करंडीतून पाच आंबे काढले. वरचे नाहीत, निवडून, हिरवट-पिवळे, देठाशी फुगीर. ते देवळीत ठेवले.

"हे काय?" मी म्हटले. "शिरस्ता आहे."

"शंभर म्हंजे शंभर," ती म्हणाली. "पाटीवर लिवलंय ना?"

"अगं, माणूस आपला आहे."

ठमी माझ्याकडे बघत होती. खालापूरला तंबूच्या खांबाकडे बघत होती तशी.

झाकीर गाडी घेऊन दारात आला होता. करंडी मी उचलली, त्याने घेतली नाही. मी ती पुन्हा खाली ठेवली. वाकलो होतो म्हणून करंडीचा दोर दिसला. मीच बांधला होता, तीन पेडी, टोक आत खुपसून. ते टोक मी बाहेर काढले. का, ते सांगता येत नाही. मग दोर सगळाच सुटला.

करंडी ओसरीवर आहे. झाकीर गेला. ठमीला जाताना आंबे देतो म्हटले, तर तिने देवळीतल्यातला एकच घेतला.

चार उरले. ते कोणाचे, हे इथे लिहून ठेवायला मी पान मागे-पुढे केले. वहीत रकाना नाही.